देवळास ‘पॅगोडा’ कोणी म्हटले?

भोपाळहून उत्तरेस निघालेली आगगाडी तासाभराच्या आत सांचीच्या टेकडीपाशी येते आणि डब्यातील मंडळींच्या माना आपोआप खिडकीकडे वळतात. झाडीच्या वर तो विशाल घुमट दिसू लागतो. अशा वेळी एखादे शाळकरी मूल हटकून विचारते, “हाच का पॅगोडा?” वडीलधारी माणसे सांगतात, “पॅगोडा नव्हे, स्तूप.” मुलाचे समाधान होत नाही. ते पुढे विचारते, “मग पॅगोडा म्हणजे काय?” ह्या दुसऱ्या प्रश्नाला डब्यात सहसा उत्तर मिळत नाही.

आम्हीही त्या निरुत्तर मंडळींपैकीच होतो. शब्द तर ऐकण्यातला. मुंबईस गोराईच्या खाडीपलीकडे २००९ साली खुला झालेला विपश्यनेचा भव्य पॅगोडा कित्येकांनी पाहिला आहे. महाबलीपुरमच्या जुन्या चित्रांखाली ‘सात पॅगोडे’ असे इंग्रजीत छापलेले असते. कोणार्कच्या सूर्यमंदिराला दर्यावर्दी लोक ‘काळा पॅगोडा’ म्हणत आणि पुरीच्या जगन्नाथाच्या देवळाला ‘पांढरा पॅगोडा’. म्हणजे बुद्धाचा स्तूपही पॅगोडा, सूर्याचे मंदिरही पॅगोडा आणि जगन्नाथाचे शिखरही पॅगोडाच! इतक्या निरनिराळ्या वास्तूंना एकच नाव कोणी दिले, कोठून आणले, आणि त्या नावाने आपल्या देवळांचे काय झाले, ह्याचा शोध घ्यावा असे आम्हांस वाटले. त्या शोधाची हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एका शब्दाचे तीन अर्थ

आजच्या इंग्रजीत ‘पॅगोडा’ म्हणजे चीन, जपान, ब्रह्मदेश इत्यादी देशांतील बौद्धांची मजल्यांवर मजले चढविलेली किंवा निमुळत्या शिखराची पवित्र वास्तू. परंतु तीनशे वर्षांपूर्वी ह्या शब्दाचे तीन अर्थ चालू होते. पहिला अर्थ देऊळ. दुसरा अर्थ देवळातील मूर्ती. इंग्रजी कवी ‘पॅगॉड’ असे आखूड रूप करून ते मूर्तीला लावीत, आणि अठराव्या शतकात फ्रान्समधील श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत मान डोलावणाऱ्या चिनीमातीच्या ज्या बाहुल्या ठेवीत, त्यांनाही ‘पागोद’ म्हणत. देवतेच्या मूर्तीचे नाव शेवटी खेळण्याला मिळाले!

तिसरा अर्थ नाण्याचा. दक्षिणेत विजयनगरच्या काळापासून चालत आलेले सोन्याचे जे लहानसे नाणे कानडी मुलुखात वराह आणि आपल्याकडे होन म्हणून प्रसिद्ध होते, त्याला युरोपीय व्यापारी पॅगोडा म्हणत. वजन सुमारे ३.४ ग्रॅम, आणि त्यावर बहुधा शिवपार्वती, लक्ष्मीनारायण किंवा व्यंकटेश अशा देवतांच्या मूर्ती. १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला त्या वेळी महाराजांची सुवर्णतुला झाली. तेथे आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन ह्याच्या वृत्तांतात त्या तुलेचे सोने सुमारे १६,००० ‘पॅगोडा’ भरल्याची नोंद आहे. आपण ‘होन’ म्हणावे तेथे तो ‘पॅगोडा’ म्हणतो. पुढे मद्रासेत कंपनीने स्वतःच ‘तारा’ छापाचे पॅगोडे पाडले. एक पॅगोडा साडेतीन रुपयांचा धरीत, आणि १८१८ साली तेथे रुपया हे मुख्य नाणे ठरेपर्यंत हिशेब त्यातच चाले. हिंदुस्थानात येऊन झटपट गबर होण्याला त्या काळच्या इंग्रजीत ‘पॅगोडाचे झाड हलविणे’ असा वाक्प्रचारच होता. देऊळ, देव आणि द्रव्य ह्या तिन्हींना एकच नाव! परक्याच्या दृष्टीला आपल्या किनाऱ्यावर काय काय दिसले, ह्याची ती जणू यादीच होय.

आता शब्दाच्या लेखनाकडे वळू. इंग्रजांनी हा शब्द पोर्तुगिजांकडून घेतला. पोर्तुगीज रूप ‘पागोद’ असे, शेवटी ‘ई’ हे अक्षर असलेले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी लिखाणात तो येतो तेव्हा शेवटचे अक्षर ‘ई’च आहे. मग कोणी ते गाळून टाकतो, कोणी निराळेच काही लिहितो. १६३० नंतर शेवटी ‘ए’ असलेले आजचे रूप दिसू लागते आणि पुढे तेच स्थिर होते. एखाद्या शब्दाचे लेखन इतके दिवस डळमळते तेव्हा तो लिहिणाराने डोळ्यांनी वाचलेला नसून कानांनी ऐकलेला असतो.

कालिकतचे ते देऊळ

पोर्तुगिजांनी तरी तो कोठे ऐकला? ह्याचे उत्तर शोधताना प्रथम एक मौजेचा प्रसंग सांगावा लागतो. १४९८ च्या मे महिन्यात वास्को द गामा कालिकतला उतरला. सामुरीच्या भेटीस जाताना वाटेत त्याला एका मोठ्या दगडी वास्तूत नेण्यात आले. त्याच्या सफरीची जी रोजनिशी उपलब्ध आहे तीत ह्या वास्तूचे वर्णन आहे. दारापुढे जहाजाच्या डोलकाठीएवढा उंच धातूचा खांब, त्याच्या माथ्यावर पक्षी, आत लहानसा गाभारा, गाभाऱ्यात एक छोटी मूर्ती. पुजाऱ्यांनी पाहुण्यांवर तीर्थ शिंपडले आणि अंगाला लावण्यास पांढरी माती दिली. भिंतींवर ‘संतां’ची चित्रे होती. त्यांतील काहींचे दात बाहेर आलेले, काहींना चार-पाच हात.

वाचकांनी ओळखलेच असेल. हा ध्वजस्तंभ, हे गर्भगृह, ही विभूती. परंतु रोजनिशीकाराने ह्या देवळाला कोणते नाव दिले? ‘चर्च’! हिंदुस्थानात ख्रिस्ती लोक राहतात अशी समजूत करून घेऊन ही मंडळी आली होती, म्हणून देवीच्या मूर्तीत त्यांना मेरी माता दिसली. त्यांनी गुडघे टेकले. कास्तान्येदा ह्या पोर्तुगीज इतिहासकाराने पुढे लिहून ठेवले आहे की, त्यांच्यातील जुवांव द सा नावाच्या एकाला संशय आला आणि तो गुडघे टेकताना म्हणाला, ही मूर्ती सैतानाची असेल तर माझा नमस्कार खऱ्या देवाला आहे. हे ऐकून वास्को द गामा हसला.

ह्या प्रसंगाला विनोदापलीकडे एक मोल आहे. आपल्या देवळाला पोर्तुगिजांनी प्रथम स्वतःच्या देवळाचेच नाव दिले. ‘हे आपल्यासारखेच’ असे त्यांना वाटले तोवर निराळ्या शब्दाची गरज भासली नाही. भ्रम फिटल्यावर, ‘हे आपले नव्हे’ असे कळल्यावर, नवा शब्द हवा झाला. १५१६ च्या सुमारास मलबारचे वर्णन लिहिणाऱ्या दुआर्ते बार्बोझाच्या ग्रंथात तो येऊन बसलेला दिसतो. म्हणजे कालिकतच्या त्या दिवसापासून अठरा वर्षांच्या आत ‘पागोद’ रूढ झाला होता. वेगळेपण दाखविणे हेच त्याचे पहिले काम होते.

उगमाविषयी तीन मते

ह्या शब्दाच्या उगमाविषयी पंडितांत एकमत नाही. १८८६ साली हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल ह्यांनी हिंदी-इंग्रजी शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा प्रसिद्ध कोश काढला. त्याचे नावच मुळी मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ ह्या आक्रोशाच्या इंग्रजी शिपायांनी केलेल्या अपभ्रंशावरून घेतलेले! त्या कोशात, आणि नंतर आपल्या गोव्यातील आसगावचे सुपुत्र, कोकणी कोशकार मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गादु ह्यांच्या १९१९ व १९२१ साली दोन भागांत निघालेल्या पोर्तुगीज-आशियाई शब्दसंग्रहात ‘पागोद’चा विचार झालेला आहे. मुख्य मते तीन आहेत.

पहिले मत फारसीचे. ‘बुत’ म्हणजे मूर्ती आणि ‘कदा’ म्हणजे घर. ‘बुतकदा’ म्हणजे मूर्तीचे घर. पश्चिम किनाऱ्यावरील मुसलमान व्यापाऱ्यांत फारसीचा वावर होता, आणि पोर्तुगिजांना दुभाषे मिळत ते बहुधा ह्या व्यापारी जगातूनच. अर्थ तंतोतंत जुळतो. अडचण ध्वनीची आहे. ‘ब’चा ‘प’ व्हावा, ‘त’ नाहीसा व्हावा, ‘क’चा ‘ग’ व्हावा, आणि हे सर्व एकाच वेळी व्हावे, हे जरा जड जाते.

दुसरे मत संस्कृताचे. ‘भगवती’ हे देवीचे नाव केरळात गावोगावच्या देवळांना आहे. तमिळ लिपीत ‘प’ आणि ‘ब’ ह्यांना निराळी अक्षरे नाहीत. ‘भगवती’चे तेथे ‘पगवदि’ होते. ‘पगवदि’वरून ‘पागोद’ होण्यास फार उड्या माराव्या लागत नाहीत. शिवाय ह्या मताने एक गाठ सहज सुटते. शब्दाचा अर्थ मुळात देवता असेल, तर तिची मूर्ती, तिचे घर आणि तिचे चित्र असलेले नाणे ह्या तिघांनाही तो का लागला, हे कळते.

तिसरे मत सिंहलीचे. बुद्धाच्या अवशेषांना धातू म्हणतात. ते ज्याच्या पोटात ठेवले तो ‘धातुगर्भ’. त्याचे सिंहलीत ‘दागब’ झाले, आणि अक्षरांची अदलाबदल होऊन ‘पागोद’ बनले, असे हे मत. कानाला गोड लागते. पण पोर्तुगिजांचे पाऊल सिंहलद्वीपात पडले ते १५०५ च्या सुमारास, आणि त्यांचा खरा वावर मलबारात. आरंभीच्या लेखनात हा शब्द येतो तो तिकडच्या हिंदू देवळांना व मूर्तींना उद्देशून. तेव्हा हे मत सर्वांत दुर्बळ दिसते.

आज इंग्रजी कोशकारांचा कल सामान्यतः असा आहे की, मूळ फारसी असावे आणि त्यावर ‘भगवती’चा परिणाम झाला असावा. येथे आम्हांस आपल्या मंडळींना एक सूचना करावीशी वाटते. परदेशी शब्दात संस्कृताची छटा दिसली की आपल्याला हर्षाचे भरते येते, आणि ‘असावा’चा ‘आहेच’ होण्यास वेळ लागत नाही. नुसत्या ध्वनीच्या साम्यावर भिस्त ठेवली, तर ‘पॅगोडा’ हा शब्द आजोबांच्या पागोट्यावरून आला असेही सिद्ध करता येईल! ‘भगवती’चा दावा मजबूत आहे, पण तो दावा आहे, निकाल नव्हे. आपली देवी ह्या शब्दात असेल तर ती कोशकारांच्या कौलावाचून राहणार नाही असे नाही. नसेल तर आपल्या आग्रहाने ती तेथे येणार नाही.

गोव्याच्या दप्तरांतील शब्द

उगमापेक्षाही ह्या शब्दाचा पुढला प्रवास आपल्या समाजाला अधिक जिव्हाळ्याचा आहे. १५१० साली गोवे पोर्तुगिजांच्या हाती गेले. १५२६ साली आफोंसु मेशिया ह्याने ग्रामसंस्थांच्या चालीरीतींची सनद लिहवून घेतली. गावकरांनी कोणाकोणास जमिनी लावून द्याव्यात ह्याची तीत नोंद आहे. सुतार, लोहार, परीट ह्यांच्याबरोबर देवळाचे पुजारी व सेवक त्या यादीत आहेत. तेथे देऊळ हा गावगाड्याचा एक भाग म्हणून लिहिला गेला आहे.

चौदाच वर्षांनी चित्र पालटले. १५४० साली तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. १५४१ साली त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. १५६७ साली साष्टीत तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. त्यापूर्वी आणि त्या धामधुमीत भाविकांनी रात्रीच्या रात्री नदी ओलांडून देव अंत्रुज महालात नेले. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. हा इतिहास आमच्या वाचकांच्या घराघरांत कुळकथेच्या रूपाने नांदत आहे. तो येथे पुन्हा विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

कारण आहे ते शब्दाकडे पाहण्याचे. हुकुमांत आणि दप्तरांत ह्या सर्वांना नाव एकच, ‘पागोद’. मंगेश असो, शांतादुर्गा असो, ग्रामदेवता असो वा वेशीवरचा क्षेत्रपाल असो, सर्व ‘पागोद’. पाडावयाच्या गोष्टीला निरनिराळी नावे असण्याची आवश्यकता नसते. एकच नाव असले म्हणजे हुकूम लिहावयास सोपा पडतो. पोर्तुगीज भाषेत पुढे ह्याच शब्दाला चैन, धांगडधिंगा असाही अर्थ चिकटला. देवळांतील उत्सव, वाद्ये आणि नृत्ये दुरून पाहणाराच्या मनात तो कसा उपजला असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. आज ब्राझीलमध्ये ‘पागोद’ म्हणजे सांबा संगीताचा एक लोकप्रिय प्रकार होय. गाणाऱ्यांना त्यामागचे देऊळ बहुधा ठाऊकही नसेल.

परंतु इतिहासाचा न्याय विचित्र असतो. ज्या देवळांच्या जमिनी घेतल्या, त्यांची मोजदाद तर ठेवणे भाग होते, नाहीतर उत्पन्न वसूल कसे होणार? म्हणून गावोगावच्या देवस्थानांची शेते, नारळीच्या बागा आणि नमशी जमिनी ह्यांच्या नोंदवह्या तयार झाल्या. १५९५ साली फ्रान्सिस्को पाइश ह्याने केलेली नोंदवही त्यांपैकीच. जी देवळे जमीनदोस्त झाली, ती कोणत्या गावात कोणत्या देवांची होती, हे आज संशोधकांना कळते ते मुख्यतः ह्या दप्तरांतून. ज्यांनी देऊळ पुसले त्यांच्याच वसुलीच्या वहीत देवाचे नाव उरले.

आणि आणखी एक गोष्ट. साडेचारशे वर्षांच्या सहवासात आपण पोर्तुगिजांचे पुष्कळ शब्द घेतले. पगार, पाव, चावी, बटाटा, परात, तुरुंग. हे शब्द परके आहेत हे आज सांगूनही कोणाला खरे वाटत नाही. पण ‘पागोद’ आपल्या दारातून आत आला नाही. मराठीत देऊळ ते देऊळच राहिले, कोकणीत देवूळ ते देवूळच. हा शब्द ‘देवकुल’, म्हणजे देवाचे घर, ह्यावरून प्राकृतातून सरळ चालत आलेला आहे. उलट ख्रिस्ती बांधवांच्या प्रार्थनामंदिराला कोकणीने ‘इगर्ज’ म्हटले. हे पोर्तुगीज ‘इग्रेज’चेच रूप. म्हणजे ज्यांचे ते मंदिर, ते त्याला जे म्हणतात तेच आपण म्हटले. शेजाऱ्याच्या देवघराला त्याच्याच शब्दाने हाक मारावी, एवढे सौजन्य आपल्या बोलीने कोणाच्या सांगण्यावाचून पाळले.

पूर्वेकडे गेलेला शब्द

आता प्रश्न उरतो तो एवढाच की, मलबार-गोव्याच्या देवळाचा शब्द चीनच्या मनोऱ्याला कसा लागला? त्याचे उत्तर सोपे आहे. पोर्तुगीज जहाजे पुढे मलाक्का, मकाव अशी पूर्वेकडे गेली. तेथेही चर्च नव्हे अशी पूज्य वास्तू दिसली की तोंडी बसलेला शब्द तयारच होता. हळूहळू हिंदुस्थानात इंग्रजांनी ‘टेंपल’ हा शब्द अधिक वापरण्यास आरंभ केला, आणि ‘पॅगोडा’ पूर्वेकडील बौद्ध वास्तूंपुरता उरला.

खुद्द चिनी लोक त्या मनोऱ्याला ‘ता’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्याच ‘स्तूप’ किंवा पालीतील ‘थूप’ ह्या शब्दाच्या चिनी उच्चारातून आलेला आहे. भिक्षूंबरोबर स्तूपाची कल्पना चीनला गेली, तिच्याबरोबर नावही गेले, आणि लाकूड-विटांचे मजले चढत जाऊन तिला मनोऱ्याचे रूप आले. म्हणजे चीनने वस्तूही घेतली आणि वस्तूबरोबर तिचे नावही विचारून घेतले. नंतर आलेल्या दर्यावर्द्याने त्यावर आपली चिठ्ठी चिकटविली. तेव्हा गाडीतल्या त्या मुलाचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. चीनच्या पॅगोड्याचा पूर्वज स्तूपच, आणि सांचीसारखे स्तूप त्या घराण्यातले वडील.

भोपाळच्या परिसरातील साक्ष

सांचीवरही परक्या नावाची छाया पडून गेली आहे. १८५१ साली येथे उत्खनन करणाऱ्या अलेक्झांडर कनिंगहॅमने १८५४ साली जो ग्रंथ काढला, त्याचे नाव ‘भिलसा टोप्स’. ‘टोप’ हे ‘थूप’चेच इंग्रजी वळण. पण इंग्रजीत ‘टोप’ म्हणजे आमराईही होते, आणि भोपाळात ‘तोप’ म्हटले की ऐकणाराच्या डोळ्यांपुढे तोफ उभी राहते! पुढे तो शब्द मागे पडला आणि विद्वानांनी ‘स्तूप’ हाच शब्द इंग्रजीत रूढ केला. विचारपूस झाली की चुकीचे नाव दुरुस्त होते, ह्याचा हा पुरावा. १९१२ ते १९१९ ह्या काळात जॉन मार्शलने सांचीचा जीर्णोद्धार केला, त्याला भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम ह्यांनी उदारपणे द्रव्यसाहाय्य केले, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. धर्माने मुसलमान असलेल्या राणीने बौद्धांची वास्तू जपली.

नावाची किंमत काय असते हे शिकावे तर सांचीतच. तेथील कठड्यांवर शेकडो लहान लेख आहेत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपला ब्राह्मी लिपी उलगडली ती ह्या लेखांच्या मदतीने. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे आहेत हे पाहून त्याने तर्क केला की हा शब्द ‘दानं’ असावा, आणि कुलूप उघडले. कोणी भिक्षुणी, कोणी श्रेष्ठी, कोणी गृहिणी, प्रत्येकाने आपल्या नावागावासह दान कोरून ठेवले आहे. दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद ह्याचे नाव आहे. पैठणच्या सातवाहनांचे नाव येथे वाचताना मराठी माणसाला घरचे कोणी भेटल्यासारखे होते. आणि तिसऱ्या स्तूपात सारिपुत्त व महामोग्गलान ह्या बुद्धशिष्यांचे अवशेष निघाले, तेव्हा करंडकांच्या झाकणांच्या आत शाईने एकेकच अक्षर लिहिलेले होते: एकात ‘सा’, दुसऱ्यात ‘म’. त्या एका अक्षराने दोन हजार वर्षे नाव सांभाळले. इंग्लंडला गेलेले हे अवशेष परत येऊन ३० नोव्हेंबर १९५२ रोजी सांचीच्या चैत्यगिरी विहारात पंडित नेहरूंच्या उपस्थितीत प्रतिष्ठापित झाले.

भोपाळच्या दुसऱ्या अंगाला, बेतवेच्या काठी भोजपूर आहे. तेथील अपुऱ्या राहिलेल्या शिवालयाच्या परिसरात खडकावर मंदिराचे आराखडे कोरलेले आजही दिसतात. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ ह्या ग्रंथात प्रासादांचे कितीतरी प्रकार त्यांच्या निरनिराळ्या नावांनी आणि मापांनी सांगितले आहेत. ज्या वास्तूंना एका खलाशी शब्दात गुंडाळले गेले, त्यांच्यासाठी ह्या भूमीत पाच शतके आधी इतकी तपशीलवार परिभाषा होती.

परंतु आमच्या मते सर्वांत मोठी साक्ष सांचीपासून दहाएक किलोमीटरवर, विदिशेजवळच्या बेसनगरला आहे. तेथे शेतांच्या कडेला एक दगडी स्तंभ उभा आहे. गावकरी त्याला खांबबाबा म्हणून पूजीत. शेंदराच्या पुटांखाली झाकलेला त्यावरील लेख १९०९ साली उजेडात आला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अंतलिकित ह्या यवन राजाचा वकील म्हणून तक्षशिलेहून येथे आलेल्या, दियाचा पुत्र हेलिओदोर ह्याने देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला, असे तो लेख सांगतो. हा ग्रीक स्वतःला काय म्हणवितो? ‘भागवत’. १९१३ पासून दोन वर्षे देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी येथे उत्खनन केले, आणि १९६३ ते १९६५ च्या उत्खननात तर स्तंभापूर्वीच्या एका लंबवर्तुळाकार देवळाचा पाया सापडला.

वाचकांनी हे दोन परदेशी शेजारी शेजारी उभे करून पाहावेत. दोघेही दूरदेशचे, दोघेही राजदरबारी आलेले, दोघांच्याही समोर देऊळ आणि पुढे गरुडासारखा पक्षी असलेला स्तंभ. ‘भगवत्’ हा शब्द ‘पॅगोडा’च्या पोटात असेल किंवा नसेल, हेलिओदोराच्या लेखात मात्र तो स्वच्छ कोरलेला आहे. एकाने देवाचे नाव विचारले आणि ते आपल्या नावापुढे लावले. दुसऱ्याला ते नाव कानावर पडले असेल, पण त्याने विचारले नाही.

ह्यात उच्चाराची चूक हा दोष नव्हे. आपल्या लेखनिकानेही अँटिआल्किडसचा ‘अंतलिकित’ आणि डिऑनचा ‘दिय’ केला, आणि पेशवाईच्या अखेरीस आपण एल्फिन्स्टनचा ‘अलपिष्टन’ केला. परके नाव जिभेवर वळतेच. दोष येतो तो नाव विचारण्याचे टाळण्यात, आणि निरनिराळ्या देवांना एकाच शब्दाच्या पोत्यात भरण्यात. हा मोह केवळ पोर्तुगिजांनाच होता असे समजून आपण सुटका करून घेऊ नये. वनवासी बांधवांच्या देवस्थानांना, दुसऱ्या पंथांच्या पूजास्थानांना आपण कोणत्या नावाने ओळखतो, हेही एकदा तपासून पाहावे.

राहिला प्रश्न आपल्या मुलांचा. ती इंग्रजीत शिकतात, इंग्रजीत निबंध लिहितात, आणि आपल्या देवस्थानांविषयी परदेशस्थ मित्रांना इंग्रजीत सांगतात. त्यांनी ‘टेंपल’ खुशाल लिहावे. परंतु त्याच्या आधी मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा ही नावे पूर्ण आणि शुद्ध लिहावीत, आणि देव कोणत्या गावाहून कोणत्या गावी आला हेही लिहावे. नाव आणि गाव टिकले तर इतिहास टिकतो. करंडकातील एका अक्षराने तो टिकविला आहे.

आणि पुढच्या खेपेस सांचीला जाल तेव्हा तेथूनच परत फिरू नका. दहा किलोमीटर आणखी जाऊन खांबबाबाचे दर्शन घ्या. मुलाने पुन्हा विचारले, “पॅगोडा म्हणजे काय?” तर त्या स्तंभाच्या सावलीत बसून ही सारी हकिगत त्याला सांगता येईल.